चुकीच्या सरांची पुढची खोली

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, नात्याने एका मास्तरांची बायको आणि दोन मुलांची आई, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, माझ्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. घरच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलसाहेब म्हणतात. माझ्यावर कुणीही दबाव आणलेला नाही. उलट मीच आता काही जणांवर थोडा आणणार आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

आणखी एक गोष्ट आधीच नोंदवते. ज्यांना आमचे घर माहीत आहे ते हा कागद हाती आला की यात मुद्दाम घातलेली चूक शोधू लागतील. शोधू नये. तशी यात एकही नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या ज्या असतील त्या माझ्या स्वतःच्या आहेत.

असे लिहावे लागते याला कारण माझे यजमान. ते शाळेत भाषा आणि गणित शिकवत. त्यांची पद्धत अशी, की रोज फळ्यावर एक चूक मुद्दाम घालायची. कधी हातचा विसरायचा, कधी पहिल्या वेलांटीच्या जागी दुसरी द्यायची, कधी नदी समुद्राकडून डोंगराकडे वाहायला लावायची. तास संपायच्या आत ती मुलांनी शोधायची. सापडली तरी "चुकलं" म्हणायचे नाही. उभे राहून विचारायचे, "सर, एकदा बघाल का?" मग सर चष्मा कपाळावर चढवून फळ्याकडे बघत, स्वतःचा कान धरत आणि खडू त्या मुलाच्या हातात देत. दुरुस्ती त्याने करायची. हे कशाला, असे मी एकदा विचारले होते. म्हणाले, "अगं, एक चूक शोधायला सगळा फळा वाचावा लागतो. आणि मास्तरही चुकतो म्हटल्यावर पोरांना जरा हायसं वाटतं." सगळे त्यांना 'चुकीचे सर' म्हणत. नवख्या माणसाला तो अपमान वाटे. आम्हाला त्याचा अभिमान होता. मीही त्यांना सरच म्हणत असे. लग्नाआधीची सवय, ती मोडली नाही.

कलम पहिले. वकीलसाहेबांच्या मते सुरुवात घरापासून करायला हवी. मी मुलांपासून करते, घर कुठे पळून जात नाही.

मला दोन मुले आहेत. थोरला पूल बांधतो आणि दूरच्या शहरात राहतो. धाकटी पाट्या रंगवते, दुकानांच्या, दवाखान्यांच्या, आणि माझ्याजवळ राहते. ही दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. सर गेले त्याच्याही आधीपासून. थोरला येतो, माझ्या शेजारी बसतो, आणि बहीण समोर उभी असताना मला म्हणतो, "आई, तिला सांग, नळ गळतोय." ती मला म्हणते, "त्याला सांग, प्लंबरला निरोप दिलाय." एवढी वर्षे मी या दोघांची टपालकचेरी झाले आहे. मी गेले की कचेरी बंद. मला मरणाची भीती वाटते ती एवढ्यापुरतीच. बाकी माझी तयारी आहे.

भांडण आहे ते घराच्या पुढच्या खोलीवरून. त्या खोलीचे कलम मी शेवटी ठेवले आहे. हे मृत्युपत्र थोरल्याने मोठ्याने वाचावे आणि धाकटीने समोर बसून ऐकावे, अशी माझी अट आहे. वाचून पूर्ण होईपर्यंत कुणी उठायचे नाही. पाणी आधीच पिऊन घ्या.

कलम दुसरे. माझी शिलाई मशीन, तिचे डबे, फिरक्या आणि मोठी कात्री माझ्या भाचीला द्यावी. ती माझ्या हाताखाली शिकली आहे आणि तिची काजे माझ्यापेक्षा चांगली होतात, हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, ते इथे सांगते. त्या कात्रीने कुणी कागद कापला तर मी जिथे असेन तिथून मला ते कळेल.

याच मशीनवर मी माझ्या वडिलांच्या दुकानात बसत असे. एक तरुण मास्तर सदरा शिवायला टाकून गेले. न्यायला आले तेव्हा अंगातल्या सदऱ्याची बटणे एक काज सोडून लावलेली, एक टोक वर आणि एक खाली. मी म्हटले, "सर, एक काज चुकलंय." ते ओशाळले, नीट लावून गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी काही बोललेच नाही. ते थांबले, घुटमळले, दुकानातली कापडे बघितली, शेवटी म्हणाले, "आज तुमचं लक्ष नाही वाटतं." मी म्हटले, "लक्ष आहे. चूक मुद्दामची आहे, म्हणून गप्प आहे." वडील आतून खोकले. लग्न त्याच वर्षी झाले.

कलम तिसरे, सरांच्या वस्तू. त्यांची सायकल भाचीच्या नवऱ्याने नेली आहे, ती त्याचीच समजावी. मागायला जाऊ नये. छत्री हरवलेली आहे. त्यांचा करडा कोट थोरल्याला. त्याच्या उजव्या खिशाचे अस्तर मी पुन्हा पुन्हा बदलले, कारण खिशात खडूचे तुकडे टाकायची खोड काही केल्या गेली नाही. कोट थोरल्याला आखूड होईल. बाह्यांच्या आत कापड दुमडून ठेवले आहे, भाची उसवून लांब करून देईल. खडूची पूड मात्र झटकू नये.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा घरातही चाले. सकाळी चहा घेताना मंगळवारी म्हणायचे, "काय मजा, आज रविवार." दोन्ही पोरे ओरडत उठायची, "बाबा, एकदा बघाल का?" धाकटीच्या वेण्या तेच घालत, कारण मला सकाळी कामाची घाई असे. एक वेणी मुद्दाम उलटीकडून बांधायचे आणि ती आरशात बघून शोधायची. मला पाहुण्यांसमोर कधी काही खटकले तर मीही तेच वाक्य वापरायचे. सगळ्यांना वाटे, काय आदबीची बाई आहे. सरांना बरोबर कळायचे की मी भडकले आहे.

थोरला नोकरीसाठी पहिल्यांदा निघाला तेव्हा आम्ही गाडीवर पोहोचवायला गेलो होतो. गाडी हलली. सर खिडकीजवळ चालत म्हणाले, "लवकर जा बरं का." थोरला हसला. "बाबा, एकदा बघाल का? लवकर ये म्हणायचं असतं." "तेच," सर म्हणाले, "तेच म्हणायचं होतं." मग दोघेही रडले आणि मला माझा रुमाल दोघांना पुरवावा लागला. थोरल्या, तू बापाचा फार लाडका होतास. हे मी धाकटीच्या समोर लिहीत आहे, कारण तिला ते माहीत आहे आणि तिने कधी त्याचे वाईट वाटून घेतले नाही.

कलम चौथे. बँकेत जे काही असेल ते दोघांना सारखे. भांडी दोघांना सारखी. याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

कलम पाचवे, राग. वकीलसाहेबांचे म्हणणे आहे की राग ही मिळकत नव्हे, तिची वाटणी होत नाही. मला ते पटलेले नाही. घरोघरी मी तीच वाटणी पाहिली आहे.

सरांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांवर माझा राग होता. मास्तर फळ्यावर चुकीचे लिहितो म्हणून त्यांनी सरांकडून लेखी खुलासा मागवला होता. सरांनी दोन पानी खुलासा दिला आणि सवयीप्रमाणे त्यातही एक चूक घातली. मुख्याध्यापकांना ती सापडली नाही. खुलासा समाधानकारक असल्याचा शेरा मारून त्यांनी तो दप्तरी लावला. तो राग त्याच दिवशी हसण्यावारी गेला, त्यामुळे आता शिल्लक नाही.

शेजारणीवरचा राग शिल्लक आहे. तो मी कुणालाही देत नाही, बरोबर घेऊन जाते. कारण पुढे येईल. साक्षीदार म्हणून मात्र मी तिलाच बोलावले आहे, कारण जे पाहिले ते ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगते. माझी सही खोटी ठरण्याची भीती नाही. तिने फक्त सही बघायची आहे, मजकूर वाचायचा नाही. तिला हे जड जाईल.

कलम सहावे. घराच्या मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि माडी ही दोन्ही मुलांना समान हक्काने. मधे भिंत घालू नये. थोरल्याला बांधकाम येते म्हणून मुद्दाम सांगते.

कलम सातवे आणि शेवटचे, पुढची खोली.

रस्त्याकडे दोन खिडक्या, एका भिंतीला फळा, समोरच्या भिंतीवर पोरांची डोकी टेकून पडलेले तेलाचे डाग, उंचीप्रमाणे वरखाली. नोकरी संपल्यावर सर इथे शिकवत. दुपार झाली की दाराशी चपलांचा ढीग पडे आणि मला स्वतःच्या घरात शिरायला त्या बाजूला साराव्या लागत. मी कटकट करायचे. आता ती कटकट करायला मिळावी म्हणून मी काहीही देईन.

एक दिवस दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, एकदा बघाल का? आज दोन आहेत." सर खुश झाले. "शाबास, आज दुप्पट," म्हणाले आणि तिला खडू दिला. पोरे गेल्यावर स्वयंपाकघरात आले, माझ्याजवळ स्टुलावर बसले. म्हणाले, "दुसरी माझी नव्हती." मी म्हटले, "म्हणजे?" थोडा वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे माझीच होती."

थोरल्या, तुला इथे थांबावेसे वाटेल. थांबू नकोस, वाचत राहा.

पुढे दोनाच्या तीन झाल्या, मग मोजणे सोडले. डॉक्टरांनी तपासले. विसरणे वाढत जाणार, त्यावर औषध नाही, असे त्यांनी मला आणि धाकटीला बाहेर बोलावून सांगितले. शिकवणे मात्र त्यांच्या हाडात मुरलेले होते. फळ्यावर नीट लिहिलेले असले की ते तासभर मजेत शिकवत. लिहिणेच तेवढे जमेना. तेव्हा धाकटीने काय केले, ते ऐक. पाट्या रंगवणारी मुलगी, कुणाचेही अक्षर उचलते. रोज सकाळी कामावर जाण्याआधी ती फळा लिहून ठेवू लागली, बापाच्या अक्षरात, त्याच्या उभट 'क'सकट आणि डोक्यावरच्या तुटक रेघेसकट. आणि त्यात एक चूक घालायची. एकच. दुपारी सर यायचे, आपणच लिहिले असे समजून शिकवायचे. वर्षभर हे चालले. पोरांना पत्ता लागला नाही. उलट म्हणत, सर हल्ली फार छान चुका घालतात.

एका सकाळी सर लवकर उठून खोलीच्या दाराशी आले. धाकटी लिहीत होती. मी मागेच होते. सर तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, अक्षर फार सुरेख आहे तुमचं. कुणाकडून शिकलात?"

ती फळ्याकडेच तोंड ठेवून म्हणाली, "वडिलांकडून."

"मास्तर होते का?"

"हो."

"तरीच," सर म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. तिने फळा पुरा केला. चूक घालायचीही विसरली नाही. मग मागच्या खोलीत येऊन माझ्या मशीनवर डोके ठेवून रडली, आणि तोंड धुऊन कामाला गेली.

त्याच आठवड्यात वर्गात एका मुलाने "एकदा बघाल का?" म्हटले आणि सर बघतच राहिले. त्यांना चूक दिसेना. मुलाने बोट दाखवले तरी दिसेना. पोरे हसली असती तर बरे झाले असते. ती गप्प झाली. संध्याकाळी धाकटी घरोघर जाऊन सांगून आली की उद्यापासून वर्ग बंद, पाट्या ठेवायला मला खोली हवी आहे. मी म्हटले, "अगं, लोक तुला काय म्हणतील?" ती म्हणाली, "म्हणू देत. माझ्यावर चिडू देत. बाबांची कीव कुणी करायला नको."

शेजारणीने तुला फोन करून सांगितले की बहिणीने बापाला खोलीबाहेर काढले. तू पहिल्या गाडीने आलास. तू आलास की सर सावरून बसायचे, कोट घालायचे. तुझ्यासमोर दोन दिवस त्यांचे निभावून जायचे. जे चुकायचे ते तुला नेहमीचे वाटायचे आणि तू हसायचास. त्या दिवशी ते खुर्चीतच बसले होते. तू तिला म्हणालास, "खोली हवी होती तर मला सांगायचंस. भाड्याने घेऊन दिली असती. बाबांचा जीव आहे गं त्या वर्गात."

ती बापाकडे बघून म्हणाली, "हो. मला हवी होती."

"एवढंच?"

"एवढंच."

सर म्हणाले, "भांडू नका. दोघांनाही खडू मिळेल." तू बाबांचा विनोद म्हणून हसलास, मग तिच्याकडे पाठ केलीस. ती पाठ अजून तशीच आहे.

ती खरे का बोलली नाही? कारण ते ऐकत होते. नंतरही का बोलली नाही? तू गेल्यावर मी तेच विचारले. म्हणाली, "दादाच्या डोक्यात बाबा फळ्यापाशी उभे आहेत. तसेच राहू देत. तू त्याला सांगायचं नाहीस आई, तू आहेस तोवर तरी नाही. शब्द दे." मी दिला. तू माझ्यापाशी तिच्याबद्दल वाटेल ते बोललास तेव्हाही तो पाळला, आणि फार जड गेला. पण शब्द 'तू आहेस तोवर' असा होता. हे वाचले जाईल तेव्हा मी नाही. धाकटे, तू चिडशील. चीड. वाक्याचा अर्थ नीट लावायला मला तुझ्या बापानेच शिकवले आहे.

आणि थोरल्या, यामुळे तुझे बाबा तुझ्या मनात लहान होतील असे तिला वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या माणसाने मुलीला इतके शिकवले की ती त्याच्या जागी उभी राहू शकली, तो फळ्यापासून कधी हललाच नाही. मला त्यांची रोज आठवण येते. विसरायला लागलेल्या सरांचीही येते.

तू रागाने त्या खोलीत अजून पाऊल ठेवलेले नाहीस. म्हणून तुला माहीत नाही की तिथे पोरांच्या सतरंज्या अजून अंथरलेल्या आहेत, ती दर रविवारी झाडते. तिच्या पाट्या तिच्या पलंगाखाली आणि जिन्यात रचलेल्या आहेत, येता-जाता तुझाच पाय त्यांना लागतो. त्या खोलीत तिने आजतागायत एकही पाटी ठेवलेली नाही.

सबब, पुढची खोली, फळ्यासकट आणि भिंतीवरच्या डागांसकट, मी माझ्या धाकट्या मुलीला एकटीला देते. थोरल्याचा त्या खोलीवर काहीही हक्क राहणार नाही. धाकटी नको म्हणेल. तिला खोली कधीच नको होती. तेव्हा तिची समजूत काढून तिला ती घ्यायला लावणे, हे काम मी थोरल्यावर सोपवते. वकीलसाहेबांनी किंवा दुसऱ्या कुणीही त्यात मध्यस्थी करू नये. त्यासाठी थोरल्याला तिच्याशी बोलावे लागेल, त्याला माझा इलाज नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, ते माझ्या मनासारखे आहे, म्हणून खाली सही करते.

सही: लिहिणारी, चुकीच्या सरांची बायको

साक्षीदार पहिला: घरचे डॉक्टर. बाईंनी आमच्यासमोर सही केली तेव्हा त्या पूर्ण शुद्धीत होत्या आणि चहात साखर कमी असल्याबद्दल बोलत होत्या.

साक्षीदार दुसरी: शेजारीण. सही करताना पाहिले. मजकूर वाचू दिला नाही.

मृत्युपत्राची अंमलबजावणी करणार: वकीलसाहेब

ठिकाण: जेवणाचे टेबल, राहते घर
वार: मंगळवार, सकाळ. तारीख वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे.